लुसाकाचं तिकीट काढण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचून मनापासून आनंद झाला. झांबियात, लुसाकाच्या वस्तीतल्या शिक्षण केंद्रावर स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवते आहेस आणि "तिथे मी काय शिकवू?" असं विचारलं आहेस. जरूर जा. फक्त शिकवायची घाई करू नकोस. सुरुवातीला मागच्या बाकावर बस, तिथल्या बाई कशा शिकवतात ते बघ आणि त्या सांगतील ते काम कर.

असं का म्हणते, तर ही केंद्रं कुणी बाहेरून येऊन काढलेली नाहीत. १९९० च्या दशकात एड्सने तिथली घरंच्या घरं रिकामी केली. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या पोरांना सरकारी शाळेची फी, गणवेश, काहीच परवडेना. तेव्हा वस्तीतल्याच लोकांनी आणि चर्चनी मिळेल त्या खोलीत वर्ग सुरू केले. त्यांना कम्युनिटी स्कूल म्हणतात. २०२२ पासून सरकारी शाळांत माध्यमिकपर्यंत फी माफ झाली, पण मुलांची एवढी रीघ लागली की वर्ग फुगले. त्यामुळे या केंद्रांचं काम काही संपलेलं नाही. तिथे शिकवणारी बरीच मंडळी वस्तीतलीच, जेमतेम बारावी झालेली असतात. मानधन कधी मिळतं, कधी नाही, तरी वर्ग चुकत नाही. खरे स्वयंसेवक ते आहेत. तू त्यांच्या मदतीला जाते आहेस, एवढं मनात पक्कं धर.

आता शिकवण्याविषयी. पाचवीत बसलेल्या कित्येक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे तुला पहिल्याच आठवड्यात दिसेल. आपल्याकडे 'प्रथम' संस्थेचं काम १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालं. मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवून, त्याला काय वाचता येतं ते बघायचं आणि त्याप्रमाणे गट पाडायचे, ही पद्धत त्या कामातून घडत गेली. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयानेही 'कॅच अप' या नावाने तीच पद्धत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी घेतली आहे. म्हणून जाण्याआधी इथल्या एखाद्या वस्तीवर्गात नियमित जाऊन गट कसे पाडतात, चाचणी कशी घेतात ते शिकून घे. तिथे तुझ्या पदवीपेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

मी तिथे होते तेव्हा वर्गातली एक शिक्षिका रोज जमिनीवर खडूने मोठा तक्ता आखायची. मा, मे, मी, मो, मू. खाली बा, बे, बी, बो, बू. आपली बाराखडीच म्हण ना. ती अक्षर उच्चारायची, मूल उडी मारून त्या चौकोनात उभं राहायचं, बाकीची पोरं ओरडून बरोबर-चूक सांगायची. तिचा हात दुखायला लागला की खडू मी धरायची, कारण रेघा आखायला तिथली न्यांजा भाषा लागत नाही. गणितासाठी बाटल्यांची बुचं गोळा करणं, ती धुऊन दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधणं हेही माझ्याकडे असायचं. अशी कामं कमी समजू नकोस. त्या वेळात ती शिक्षिका मागे पडलेल्या दोन मुलांना जवळ घेऊन बसू शकायची.

न्यांजा थोडी तरी शीक. "मुली ब्वांजी?" (कसे आहात?) असं विचारून दिवस सुरू केलास की पालक तुझ्याशी बोलायला लागतील. इंग्रजी तिथल्या शाळेत आहे, पण लहान मुलांच्या घरात ती क्वचितच असते.

वेळेचं गणितही बघून घे. त्यांचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिलच्या सुमारास पहिल्या सत्राची सुट्टी लागते. तुझी उन्हाळी सुट्टी नेमकी तिच्यात अडकेल, म्हणून मे उतरता ते जुलै असा बेत कर. आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नकोस. लुसाका सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, जूनमधल्या सकाळी चांगलीच हुडहुडी भरते. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. कान्यामासारख्या सखल वस्त्यांत तेव्हा पाणी तुंबतं आणि कॉलऱ्याची भीती असते. २०२४ च्या जानेवारीत त्यामुळेच शाळा उशिरा उघडल्या होत्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. जे केंद्र तुझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागत नाही, तिथे जाऊ नकोस. आज तू आलीस, उद्या कुणीही येईल. पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करून गायला लावणारी ठिकाणंही टाळ. पोरांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. त्या मुलाच्या आईने तुझ्या आईच्या घरी येऊन असं केलं तर चालेल का, हे स्वतःला विचार. खाऊ, वह्या, पेन्सिली न्यायच्या असतील तर त्या बाईंच्या हाती दे. तुझ्या हातून वाटप नको.

आजच केंद्राला लिहून विचार की मी परत गेल्यावर माझा गट कोण घेणार आणि त्या व्यक्तीसोबत मला पहिल्या दिवसापासून काम करता येईल का. पर्यटक व्हिसावर असं काम चालतं का, हेही त्यांनाच विचार. उत्तर आलं की मला पाठव, मग तारखा ठरवू.

तुझी,
मावशी