रोमपासून दोन तासांवरचं डोंगरी गाव: सांतो स्तेफानोला जा, आणि दोन रात्री राहा

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात रोमला जातोय, मध्ये तीन दिवस मोकळे आहेत, बरोबर सत्तरीतले शाकाहारी आईवडील आहेत आणि डोंगरातलं एखादं जुनं गाव बघायचंय. चिविता दि बान्योरेज्योला जावं की आणखी कुठे?

चिविता सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण तिथे शिरायचं तिकीट आहे, लांबलचक पुलाचा चढ आहे आणि दिवसा पुलावर फोटो काढणाऱ्यांची रांग. मी तीन वर्षं रोममध्ये नोकरीला होते. कुणी असं विचारलं की मी एकच नाव सांगायचे: सांतो स्तेफानो दि सेस्सानियो. अब्रुझ्झो प्रांतात, ग्रान सास्सोच्या डोंगररांगेत, साधारण १२५० मीटर उंचीवर. पक्की वस्ती शंभर-सव्वाशे माणसांची. मी चारदा गेले, त्यातल्या एका खेपेला बाबांना घेऊन. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, त्यामुळे तुमच्या अडचणी मला कळतात.

आधी एक सांगते. तिथे 'बघण्यासारखं' यादी करावी इतकं काही नाही. गाव अर्ध्या तासात फिरून होतं. दुपारी येऊन संध्याकाळी परतणारे लोक 'छोटंसंच आहे हो' म्हणतात ते त्यामुळेच. गाव कळतं ते सगळे निघून गेल्यावर.

घरं चुनखडीच्या दगडाची, एकमेकांना रेलून उभी. दोन घरांच्या मधे कमानी, आणि कितीतरी गल्ल्या चक्क घरांच्या पोटातून जातात, डोक्यावर छत असलेल्या. हिवाळ्यात बर्फ साचतो, तेव्हा माणसांना आणि मेंढरांना त्याखालून ये-जा करता यावी म्हणून. खिडक्या एवढ्याशा. बाबा म्हणाले, "वाड्याच्या दिंडी दरवाजातून सारखं वाकून चाललोय असं वाटतंय."

वेशीच्या दरवाजावर मेदिची घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे. फ्लोरेन्सच्या सावकारांचं या आडरानात काय काम? लोकर. इथल्या मेंढ्यांची काळी, जाडीभरडी लोकर, तिला 'कार्फान्या' म्हणत. तिच्यापासून सैनिकांचे आणि मठातल्या साधूंचे कपडे व्हायचे. १५७९ साली मेदिचींनी ही जहागीर विकतच घेतली आणि १७४३ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. गावातली ऐटबाज घरं, कोरीव खिडक्या, सज्जे, सगळं त्या पैशातून आलेलं.

मेंढरांचं वेळापत्रक आपल्या धनगरांसारखंच. आपल्याकडे पावसाळा सरला की वाडे कोकणात उतरतात, तसे हे लोक थंडीच्या आधी कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या मैदानात जायचे आणि उन्हाळ्याला परत वर यायचे. जवळच्या लाक्विला शहरापासून पुलियातल्या फोज्जापर्यंतची ही त्यांची वाट २४४ किलोमीटरची, आणि रुंदी १११ मीटर! म्हणजे रस्ता कसला, चालतं कुरणच ते. १४४७ साली नेपल्सच्या राजाने मेंढ्यांसाठी खास जकात खातं उघडलं, इतका त्यात पैसा होता. पुढे हा धंदा बसला, माणसं अमेरिका-कॅनडाकडे गेली आणि गाव रिकामं झालं. रिकामं झालं म्हणूनच जुनं राहिलं, कारण सिमेंटचे मजले चढवायला कुणी उरलंच नव्हतं.

१९९९ साली दानिएले किलग्रेन नावाचा एक गृहस्थ मोटारसायकलवरून भटकत इथे आला आणि पडकी घरं एकेक करून विकत घेत सुटला. त्यातून विखुरलेलं हॉटेल उभं राहिलं: तुमची खोली एका गल्लीत, नाश्ता दुसऱ्या गल्लीत. काजळीने काळ्या झालेल्या भिंती मुद्दाम तशाच ठेवल्यात आणि खोलीत टीव्ही नाही. खिशाला मात्र जड. आम्ही एका साध्या घरगुती ठिकाणी राहिलो आणि आमचं काही अडलं नाही. खोली घेताना एकच विचारा: किती पायऱ्या, आणि गाडी कुठपर्यंत येते. आमच्या यजमानीणबाईंनी 'चार पायऱ्या' सांगितल्या होत्या. त्या तिच्या दारातल्या. त्याआधीच्या गल्लीतल्या बत्तीस तिने धरल्याच नव्हत्या.

गावाच्या माथ्यावर एक गोल मनोरा आहे. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी लाक्विलाचा भूकंप झाला, ३०९ माणसं गेली, त्यात हा मनोराही कोसळला. आता दिसतो तो पुन्हा बांधलेला. गावातली म्हातारी माणसं वेळ सांगतात ती मिनिटासकट.

आता जेवण, कारण शाकाहारी म्हटलं की खरी धाकधूक तिथेच असते. इथे काळजी करू नका. या गावाची कीर्ती मसुरावर आहे. हजार मीटरच्या वरच्या खडकाळ वावरात पिकणारा, बारीक, काळपट तपकिरी, भिजत न घालता शिजणारा. आपल्या अख्ख्या मसुरापेक्षा दाणा खूपच लहान. लसूण, तमालपत्र, मीठ, ऑलिव्ह तेल एवढ्यावरच सूप करतात आणि बाजूला तळलेला पाव देतात. बाबांनी पहिल्या दिवशी 'फोडणी विसरले वाटतं' म्हणत खाल्लं, दुसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मसुराची जत्राच भरते. ती तारीख गाठता आली तर मजा आहे, पण मग खोली फार आधी धरा.

एका सकाळी गल्लीत एक आजीबाई मांडीवर ताट घेऊन मसूर निवडत बसली होती. बोटाने चार-चार दाणे स्वतःकडे ओढायचे, खडा दिसला की अंगठ्याने बाहेर उडवायचा. आमची आजी निवडायची तसंच. बाबा न विचारता शेजारच्या पायरीवर टेकले आणि ताटाच्या दुसऱ्या कडेने निवडायला लागले. तिने आधी त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं, मग ताट जरा त्यांच्याकडे सरकवलं. पहिला खडा सापडल्यावर बाबा म्हणाले, "खडा." ती म्हणाली, "सास्सो." समोरच्या डोंगराचं नाव ग्रान सास्सो. तेव्हापासून आमच्या घरात त्या पर्वताचं नाव 'मोठा खडा' आहे.

सूप मागवताना 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं आवर्जून सांगा. काही ठिकाणी चवीला डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात आणि त्यांच्या हिशेबी ते 'मांस' नसतं, म्हणून खात्री करून घ्या. आईवडील चीजच्या बाबतीत कडक असतील तर इथलं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो टाळा. ते कोकराच्या पोटातल्या विरजणाने जमवतात.

दुसरा दिवस आसपासचा. रोक्का कालाश्चोचा किल्ला १४६० मीटरवर आहे: मधे चौकोनी बुरूज, चार कोपऱ्यांना चार गोल. १७०३ च्या भूकंपाने त्याच्या पायथ्याची वस्ती मोडली. सांतो स्तेफानोहून पायवाटेने दीड तास लागतो. आईवडिलांसाठी गाडीने कालाश्चो गाव गाठा. गर्दीच्या दिवसांत गाडी खालीच ठेवावी लागते. शेवटचा चढ झेपला नाही तरी हळहळू नका, खालच्या अष्टकोनी चर्चपर्यंत गेलात तरी सगळं खोरं दिसतं.

तिथून काम्पो इम्पेरातोरे. हे पठार २७ किलोमीटर लांब, झाड जवळजवळ नाहीच. इटलीतले लोक याला 'छोटा तिबेट' म्हणतात. समोर कोर्नो ग्रांदे, २९१२ मीटर, अपेनाइन रांगेतला सगळ्यात उंच. वरच्या हॉटेलात मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं आणि १२ सप्टेंबर १९४३ ला जर्मनांनी ग्लायडर उतरवून त्याला सोडवून नेलं.

इथली माझी चूक सांगते. कळप दिसला म्हणून फोटो काढायला मी गवतातून पुढे गेले. मेंढ्यांच्या मधून दोन पांढरे कुत्रे उठले, तोवर मला ती मेंढरंच वाटत होती. ते लांडग्यांना तोंड देणारे राखणदार आहेत, लाडात येणारे नव्हेत. पळू नका, पाठ फिरवू नका, हळूहळू मागे सरका. कळप रस्त्यावर आला तर गाडीत काचा वर करून बसा. आणि स्वेटर ठेवाच. रोममध्ये घाम येत असतो तेव्हा इथे बाबांनी कानटोपी चढवली होती.

गाडी भाड्याने घ्यावीच लागेल, गावात बस फार कमी येतात. भारतातून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, आणि पेट्रोल लाक्विलातच भरा. परतताना तिथे ९९ नळांचं कारंजं बघा, १२७२ सालचं. वेळ उरला तर बोमिनाकोचं सान पेल्लेग्रिनो. बाहेरून गोठ्यासारखं दिसतं आणि आत भिंतभर १२६३ ची चित्रं.

आम्ही मात्र तिसऱ्या दिवशी उलट्या दिशेला, समुद्राकडे गेलो. सांग्रो नदीजवळ दुसऱ्या महायुद्धाची दफनभूमी आहे आणि तिथे दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रोच्या लढाईत आठवी भारतीय डिव्हिजन होती, तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. हिरवळ छान राखलेली आहे, चालायला सोपं आहे. बाबांनी बूट काढून हातात घेतले आणि नावं वाचत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले. मला वाटलं होतं पंधरा मिनिटं लागतील, तास गेला. तिकडे जाणार असाल तर सांतो स्तेफानोहून सकाळी लवकर निघा. परत रोम गाठायला तिथून तीन तास धरा.