संघ बुडाला, किंकलाद्झे तरला

प्रश्न : इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लबचे जुने चाहते अजूनही जॉर्जियाच्या जॉर्जी किंकलाद्झेचं नाव काढतात. तो असताना संघ दोनदा खालच्या श्रेणीत घसरला ना? मग एवढं कौतुक कशाचं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घसरला, दोनदा. १९९५ मध्ये सिटीने त्याला दिनामो तिब्लिसीकडून सुमारे २० लाख पौंडांना घेतलं. तीन हंगामांत तो लीगचे १०६ सामने खेळला, २० गोल केले. पहिल्याच हंगामात सिटी प्रीमियर लीगमधून बाहेर पडली. तेही ३८ गुण असूनही! साउदॅम्प्टन आणि कॉव्हेंट्रीचेही तेवढेच गुण होते, पण गोलफरकात ते वाचले. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलशी २-२ असताना बरोबरीवर भागेल या चुकीच्या निरोपापायी सिटीचे खेळाडू कोपऱ्यात चेंडू अडवून वेळ काढत होते. १९९८ मध्ये तर संघ तिसऱ्या श्रेणीत गेला.

या सगळ्या पडझडीत तिकिटाचे पैसे वसूल करून देणारा हा एकच. १९९६ आणि १९९७, सलग दोन वर्षं चाहत्यांनी त्यालाच वर्षाचा खेळाडू ठरवलं. चषक आला नाही तरी तालमीचा माणूस आपलाच, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : त्याचा एकच गोल बघायचा तर कोणता? (वाचक, पुणे)

उत्तर : १६ मार्च १९९६, साउदॅम्प्टनविरुद्ध. सिटी २-१ जिंकली, दोन्ही गोल त्याचेच. त्यातला दुसरा बघा. उजवीकडून आत येताना चेंडू डाव्या पायाला चिकटलेला, प्रत्येक स्पर्श लहान. स्पर्श लहान असला की बचावपटूने पाय घातल्यावरही दिशा बदलता येते. चेंडू लांब ढकलला की ती सोय संपते. खरी गंमत पुढे आहे. गोलकीपर बीझंटसमोर तो फटका मारत नाही, नुसत्या हुलकावण्या देतो. बीझंट खाली बसला की चेंडू अलगद त्याच्यावरून. जून १९९५ मध्ये कार्डिफला वेल्सचा गोलकीपर साउथॉल याच्यावरूनही त्याने असाच चेंडू उचलला होता. जॉर्जिया १-० जिंकली.

प्रश्न : मग सिटी सोडून नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबात गेल्यावर काय बिनसलं?

उत्तर : जागा. त्याला आघाडीच्या मागे, मधोमध मोकळीक लागायची. आयॅक्समध्ये तिथे लिटमानेन होता, त्यामुळे याला डाव्या कडेला ढकललं. कडेला खेळायचं तर मागे धावून बचावही करावा लागतो, आणि ते त्याचं काम कधीच नव्हतं. लीगचे १२ सामने, गोल शून्य. सिटीतही शेवटी प्रशिक्षक जो रॉयल यांचं गाऱ्हाणं हेच होतं, की एकासाठी अख्खा संघ वाकतो. आमच्या मते रॉयल यांचं म्हणणं निम्मं खरं : त्या संघात वाकण्याजोगं दुसरं होतं तरी कोण?

पुढे इंग्लंडचा डर्बी काउंटी क्लब, आणि २००५ मध्ये सायप्रसच्या अनॉर्थोसिसकडून लीगचं विजेतेपद. तिथे प्रशिक्षक होता देशबंधू तेमुरी केत्सबाया.