विमानांच्या लढाईच्या गेममध्ये कोणतं जुनं विमान यायला हवं?

माझं मत डोळे झाकून 'मारुत'ला, म्हणजे एचएफ-२४ या भारतीय लढाऊ जेटला. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने, ज्याने दुसऱ्या महायुद्धातलं फॉक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान बनवलं त्यानेच, बंगळुरात याची रचना केली. पहिलं उड्डाण १९६१ साली. पण हवं तसं ताकदीचं इंजिन मिळालंच नाही. दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं, आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नाही. दिसायला एकदम देखणं, दम मात्र कमी!

गेममध्ये मजा तिथेच आहे. वळणावर वेग गमावला की गेलात. जमिनीलगत सरळ घुसायचं, ३० मिमीच्या चार तोफा झाडायच्या आणि पळायचं. १९७१च्या युद्धात एक इंजिन बंद पडूनही काही मारुत परत आली होती, तेवढा चिवटपणा गेमवाल्यांनी दाखवावा.

दुसरं 'नॅट', हवाई दलाचं जुनं चिमुकलं लढाऊ जेट. पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम पावणेसात मीटर, समोरच्याला दिसेपर्यंत डोक्यावर.

आमच्या सोलापुरात सात रस्त्याजवळ मित्राकडे आम्ही खेळतो. मे महिन्यात सीपीयूचं झाकण काढून टेबल फॅन लावतो, कीबोर्डवर शेंगाचटणीचं तेल. तरी सगळ्यांना परदेशी जेटच हवीत. मी एकटाच मारुत मारुत करत बसतो बे.