स्लॅगमध्ये सीओटू मुरवायच्या आधी

प्रिय,

स्लॅगमध्ये, म्हणजे लोखंड-पोलाद बनवताना उरणाऱ्या मळीत, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कायमचा कोंडायचं तुझं प्रपोजल वाचलं. केमिस्ट्रीचा भाग मस्त लिहिलायस, स्लॅगमधल्या कॅल्शियमचं सीओटूशी जुळून कार्बोनेट होतं, उष्णता बाहेर पडते आणि एकदा दगड झाला की गॅस गळायची भीती नाही, सगळं बरोबर.

पण 'एक टन स्लॅग अर्धा टन सीओटू घेतो' हे कुठून आणलंस गं? 56 किलो कॅल्शियम ऑक्साइड फार तर 44 किलो सीओटू घेणार. स्टीलच्या स्लॅगमध्ये ते साधारण 40 ते 50 टक्के धर, म्हणजे टनाला 300-400 किलो, मॅग्नेशियमची थोडी भर, आणि तेही फक्त कागदावर, कारण बरंचसं कॅल्शियम सिलिकेटमध्ये अडकलेलं असतं आणि कणावर कार्बोनेटची साल चढली की आतल्या भागापर्यंत गॅस पोचतच नाही. मग बारीक दळा, दळायला वीज, ती कोळशाची असेल तर मिळवलेलं तिथेच गेलं. हा हिशोब पहिल्या पानावर हवा, शेवटच्या नाही.

फ्लाय अ‍ॅशचं, म्हणजे कोळसा जाळून उरणाऱ्या बारीक राखेचं, तर अजून बघ, कमी कॅल्शियमची असेल तर तिच्यात धरायला फारसं काही नसतंच.

दुसरं म्हणजे सॅम्पल. उघड्यावर पडलेल्या जुन्या ढिगाने हवेतला सीओटू आधीच थोडा खाल्लेला असतो, तो तुझ्या खात्यात नको. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा टीजीए कर, म्हणजे सॅम्पल तापवत नेऊन कुठल्या तापमानाला किती वजन घटतं ते बघ. नुसतं वजन वाढलं म्हणून खूश होऊ नकोस, पाणीही शोषलं जातं. हायड्रॉक्साइडचं पाणी साधारण 400-500 डिग्रीला उडतं, कार्बोनेट त्याच्या बरंच वर फुटतं, तेवढं वेगळं काढ.

आणि माझं स्पष्ट मत, ब्लास्ट फर्नेसचा (खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीचा) स्लॅग झटपट थंड केलेला असेल तर त्याला हात लावू नकोस, तो दळून सिमेंटमध्ये क्लिंकरच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मूळ मालाच्या, जागी गेला तर जास्त सीओटू वाचतो. तू कन्व्हर्टरचा, म्हणजे लोखंडाचं स्टील करणाऱ्या भट्टीचा, स्लॅग घे. त्यातल्या फ्री लाइममुळे (मोकळ्या कॅल्शियम ऑक्साइडमुळे) तो ओलाव्याने फुगतो म्हणून रस्त्याच्या कामाला लोक घाबरतात, कार्बोनेशनने नेमका तोच त्रास कमी होतो. म्हणजे सीओटूचा आकडा छोटा आला तरी माल विकण्यासारखा होतो!

लीचिंग टेस्ट, म्हणजे पाण्यात काय काय झिरपतं त्याची चाचणी, मात्र सोडू नकोस. पीएच उतरला की कॅल्शियम कमी झिरपतं पण व्हॅनेडियमसारख्या घातक धातूचं झिरपणं वाढूही शकतं.

दळण्याची वीज धरून नवा तक्ता कर आणि पाठव, मग रिअ‍ॅक्टरचं बोलू.