मोटरहोममध्ये घरगुती फ्रिज बसवलेला आहे. गाडी चालू असताना त्याला वीज कुठून द्यायची? जनरेटर दिवसभर चालवावा लागेल का?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं. गाडी फोर्ड ई-४५० वरची क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली) मोटरहोम आहे. आधीच्या मालकाने गॅसवर चालणारा फ्रिज काढून तिथे १० घनफुटांचा साधा घरगुती फ्रिज बसवला. न्यू जर्सीहून यलोस्टोनला जायचंय आणि फ्रिज फक्त बाहेरची वीज जोडली की चालतो.

जनरेटर दिवसभर चालवायची गरज नाही. गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या यंत्राला) हा फ्रिज जड नाही, सहा तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये चोवीस तासांची फ्रिजची वीज आरामात मिळते. खरी परीक्षा गाडी थांबल्यावर, रात्री होते. म्हणून हिशोब ड्रायव्हिंगच्या तासांचा न करता पूर्ण दिवसाचा करा.

फ्रिजच्या पिवळ्या लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात. या मापाच्या फ्रिजला ते साधारण ३०० च्या आसपास असतात. समजा ३१० आहेत, तर ३६५ ने भागून दिवसाला ०.८५ युनिट. पण मोटरहोममध्ये फ्रिज अरुंद खोक्यात बसतो, उन्हात गाडी तापते, मुलं दार उघडत राहतात. त्यामुळे दिवसाला १ युनिट धरा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे फ्रिजसाठी १२० व्होल्ट करायला इन्व्हर्टर लागतो, त्यात दहा टक्के जातात, म्हणजे १.१. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी १५ वॉटच्या आसपास खातो, त्याचे चोवीस तासांत ०.३६. एकूण दीड युनिटाच्या जवळ, म्हणजे १२.८ व्होल्टवर सुमारे ११५ एएच (अँपिअर-तास). हा ११५ चा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर बेतायचंय.

कॉम्प्रेसर चालताना शंभरेक वॉटच घेतो, पण सुरू होताना क्षणभर ८०० ते १००० वॉटपर्यंत उसळी मारतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (वेग कमी-जास्त होणारा) असलेल्या फ्रिजमध्ये ही उसळी जवळपास नसते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये डिफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर असतो. तो दिवसातून एखाद-दोनदा वीस मिनिटांसाठी लागतो आणि तेव्हा लहान फ्रिज २०० वॉट, मोठे फ्रिज ५००-६०० वॉटपर्यंत घेतात. पाच मिनिटं मीटर लावून ‘माझा फ्रिज ९० वॉटचा’ असं ठरवणारे इथेच फसतात.

त्यामुळे १००० वॉटचा, क्षणिक २००० वॉट झेपणारा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा) इन्व्हर्टर पुरतो. स्वस्तातला मॉडिफाइड साइन वेव्ह घेऊ नका. त्यावर कॉम्प्रेसरची मोटर घुमते, तापते आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेला फ्रिज असेल तर बोर्ड जाण्याची भीती असते. ‘असू दे जास्तीचा’ म्हणून ३००० वॉटचाही घेऊ नका, कारण मोठा इन्व्हर्टर रिकामा असतानाही जास्त वीज खातो आणि ती रात्रभर बॅटरीतूनच जाते. इन्व्हर्टरमध्ये इको किंवा सर्च मोड असेल तर बंद ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावर फ्रिजचा बोर्ड जेमतेम दोन-तीन वॉट घेतो. इन्व्हर्टरला वाटतं लोडच नाही, तो झोपतो, परत उठतो, आणि फ्रिज दर वेळी नव्याने सुरू होतो. फ्रिज ‘मध्येच बंद पडतो’ अशा तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

इन्व्हर्टर बॅटरीपासून दीड मीटरच्या आत बसवा. पूर्ण लोडवर बॅटरीकडून ९० अँपिअरच्या वर प्रवाह येतो, त्यासाठी २ गेज, म्हणजे साधारण ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि १५० अँपिअरचा फ्यूज लागतो. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. लिथियम बॅटरी असेल तर फ्यूज क्लास टी प्रकारचाच घ्या, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम हजारो अँपिअर ओतते आणि गाडीच्या ऑडिओसाठी मिळणारे साधे फ्यूज तो प्रवाह तोडू शकतीलच असं नाही. फ्रिज लांब असेल तर १२० व्होल्टची वायर लांबवा, १२ व्होल्टची नको.

फ्रिजच्या मागे जुन्या फ्रिजसाठीचं १२० व्होल्टचं सॉकेट आहे, तुमचा फ्रिज आत्ता त्यातच लावलेला असणार. आत ट्रान्सफर स्विच असलेला इन्व्हर्टर घ्या. त्या सॉकेटमधली वीज इन्व्हर्टरच्या इनपुटला आणि फ्रिज इन्व्हर्टरच्या आउटपुटला, एवढीच जोडणी. बाहेरची वीज किंवा जनरेटर असेल तेव्हा तीच पुढे जाते, नसेल तेव्हा इन्व्हर्टर आपोआप उचलतो. फ्रिजला बदल कळतही नाही.

काही जण सोपं म्हणून गाडीची बाहेरची वीज घेणारी मोठी कॉर्डच इन्व्हर्टरमध्ये लावतात. हे करू नका. गाडीतला कन्व्हर्टर-चार्जर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा) मग इन्व्हर्टरवर चालतो, तो बॅटरी चार्ज करू पाहतो आणि ती वीज त्याच बॅटरीतून येत असते. प्रत्येक फेरीत उष्णता होऊन वीज वाया जाते आणि काही तासांत बॅटरी खाली. शिवाय न्यूट्रल आणि अर्थ यांची जोड वीज जिथून येते तिथेच असावी लागते: कॅम्पग्राउंडच्या मुख्य वीजजोडणीत, जनरेटरमध्ये किंवा इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या आत. गाडीच्या पॅनेलमध्ये ती कधीच जोडायची नाही. इन्व्हर्टर घेताना ही जोड तो स्वतः करतो आणि बाहेरची वीज आली की सोडतो, हे माहितीपत्रकात बघून घ्या. नाहीतर कॅम्पग्राउंडचा जीएफसीआय (विजेची गळती दिसताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) सतत ट्रिप होईल.

आता मुख्य गोष्ट, अल्टरनेटरची वीज मागच्या बॅटरीपर्यंत पोचवणं. तुमच्या गाडीत पुढची इंजिनची आणि मागची घराच्या भागाची अशा दोन बॅटऱ्यांमध्ये एक आयसोलेटर रिले असेल. किल्ली फिरवली की तो दोन्ही बाजू जोडतो. पण कंपनीतून येणारी तार बारीक असते आणि लांबवर जाते. अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट असले तरी मागे १३.५ सुद्धा धड पोचत नाहीत. बॅटरी थोडी भरली की प्रवाह दहा-पंधरा अँपिअरवर येतो. आठ अँपिअर फ्रिज खातो, उरलं काय? दिवसभर गाडी चालवूनही संध्याकाळी बॅटरी अर्धी, ती अशी.

उपाय म्हणजे ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर. व्हिक्ट्रॉन ओरायनसारखे बरेच मिळतात. पुढून कमी व्होल्ट आले तरी तो मागच्या बॅटरीला हवे तेवढे, १४.२ ते १४.४ व्होल्ट, करून देतो. तासाला ३० एएच धरले तर सहा तासांत १८०. आपली गरज ११५ ची. दिवे, पाण्याचा पंप, पंखा यांनाही उरतं. लिथियम असेल तर हा चार्जर हवाच. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो, ती रिलेतून सरळ जोडली तर अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालत असताना, थंड हवा कमी मिळत असताना, अल्टरनेटर असाच जळतो.

हा चार्जर मागच्या बॅटरीजवळ बसवा. तार ६ गेजची. ती पाच मीटर गेली तरी ४० अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपासच घट होते. ६० अँपिअरचा फ्यूज दोन्ही टोकांना, कारण बॅटरी दोन्ही टोकांना आहे. निगेटिव्हसाठी गाडीच्या सांगाड्यावर विसंबू नका, वेगळी तार ओढा. आणि जुना रिले काढून टाका किंवा किमान त्याची तार सोडवा. तो चार्जरला समांतर तसाच राहिला तर मागच्या बॅटरीतली वीज रिलेतून पुढे येते, चार्जर ती परत मागे ढकलतो, आणि मीटरवर ‘३० अँपिअर चार्जिंग’ दिसत असताना बॅटरीत काहीच जमा होत नाही.

रात्रीचं बघू. यलोस्टोनच्या आत फिशिंग ब्रिज सोडलं तर कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही. जनरेटर चालतो तिथेही सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच, काही ठिकाणी अजिबात नाही. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या चौदा तासांत फ्रिज ६७ एएच खाईल. तिथल्या रात्री उन्हाळ्यातही थंड असतात, त्यामुळे गॅस फर्नेसचा पंखा चालेल. तो सात-आठ अँपिअर घेतो. रात्रभरात त्याचे ३० एएच सहज. एकूण शंभराच्या घरात. १०० एएचच्या दोन लेड-अॅसिड बॅटऱ्या असतील तर त्या बरोबर निम्म्यावर येतील आणि लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली नेली की आयुष्य भराभर घटतं. एका रात्रीला जमेल, सलग चार रात्रींना नाही. २०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट हे माझ्या मते या प्रवासासाठी योग्य माप. फक्त ती ० अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज होता कामा नये. बॅटरी बाहेरच्या पायरीखाली असेल तर आत घ्या किंवा हीटर असलेली घ्या.

इन्व्हर्टरची लो-व्होल्टेज मर्यादा बहुतेक वेळा १०.५ वर येते. लेड-अॅसिडसाठी ती ११.८, लिथियमसाठी १२ करा. आणि व्होल्टेज परत वाढल्यावर इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो का, हे बघा. काही मॉडेल हाताने रीसेट केल्याशिवाय सुरू होत नाहीत आणि पुढे बसून त्याची शिट्टी ऐकू येत नाही. फ्रिजमध्ये वायरलेस थर्मामीटर ठेवा, त्याचा पडदा डॅशबोर्डवर. ४ अंशांच्या वर गेलं की थांबून बघायचं. अगदीच काही चाललं नाही तर न उघडलेला फ्रिज चार तास अन्न सुरक्षित ठेवतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास.

जनरेटर कधी लावायचा? उन्हात छतावरचा एसी चालवायचा असेल तेव्हा तो लावावाच लागतो, मग फ्रिजही त्यावर चालेल. नुसत्या शंभर वॉटच्या फ्रिजसाठी ४००० वॉटचा जनरेटर दिवसभर चालवून पेट्रोल जाळणं मला पटत नाही. पेट्रोल पंपावर जाण्याआधी जनरेटर बंद.

फ्रिजचं खोकंही एकदा उघडून बघा. जुन्या फ्रिजची गॅसची नळी नुसती व्हॉल्व्ह बंद करून सोडली नाही ना, तिच्या टोकाला पितळी फ्लेअर कॅप आहे ना, ते साबणाच्या पाण्याने तपासा. भिंतीतल्या आणि छतातल्या जुन्या झडपा आतून फोमबोर्ड आणि अॅल्युमिनियम टेपने बंद करा, नाहीतर रस्त्यावरची धूळ आणि गरम हवा आत येते. मात्र फ्रिजच्या दोन्ही बाजूंना ग्लासवूल ठासू नका. आजच्या बऱ्याच फ्रिजची गरम नळी बाजूच्या पत्र्याच्या आतच असते, तिला इंचभर मोकळी हवा लागते. ठासून भरलं की कॉम्प्रेसर थांबतच नाही. दाराला वेगळी कडी लावा, घरगुती फ्रिजचं चुंबकी रबर पहिल्या वळणावर सुटतं.

पुण्या-नाशिककडे ट्रॅव्हलरवर मोटरहोम बांधून घेणाऱ्यांना हाच हिशोब लागू आहे. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवरचे वर्षाचे युनिट ३६५ ने भागा, इन्व्हर्टर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा घ्या आणि घरातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर गाडीत नेऊ नका. डायरेक्ट-कूल फ्रिजला डिफ्रॉस्ट हीटर नसतो, त्यामुळे काम आणखी हलकं होतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी घरासमोरच चाचणी घ्या. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट (बॅटरीतून किती वीज गेली ते मोजणारं साधन) बसवा, बॅटरी पूर्ण भरा, फ्रिज आदल्या दिवशी थंड करा, बाहेरची वीज काढा आणि २४ तास फक्त इन्व्हर्टरवर चालू द्या. शंटवर १०० ते १३० एएच खर्च दिसला तर सगळं ठीक. १५० च्या वर गेला तर आधी दारात कागदाची पट्टी धरून ओढा. ती सहज निघाली तर रबर ढिलं आहे. घट्ट असेल तर बाजूच्या पत्र्यावर हात ठेवून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर हवा फिरत नाहीये.