आजोबांची बोट नेमकी कुठून गेली?

प्रश्न : आजोबा मर्चंट नेव्हीत होते. नंतर सोलापुरात येऊन हायस्कूलमध्ये गणित-भूगोल शिकवायचे. वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढायची आहे. घरात त्यांची सीडीसी (खलाशाच्या बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पासपोर्ट आणि थोडी पत्रं आहेत. पण प्रत्येक काका वेगळीच हकिकत सांगतात. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सीडीसीपासून. काका नंतर.

वहीत रकाने आखा: बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर (बोटीचा नोंदणी क्रमांक), हुद्दा, चढल्याची तारीख व बंदर, उतरल्याची तारीख व बंदर. नोंदी जशाच्या तशा उतरवा. हुद्द्याला पदरचं काही जोडू नका. सीडीसीत थर्ड ऑफिसर असलेला माणूस पुस्तिकेत हमखास कॅप्टन होतो. बोटीवरून गावी आलेला प्रत्येक जण कॅप्टनच असतो म्हणा!

शिक्का पुसट असेल तर बोटीच्या नावाचा पहिला भाग पाहा. ‘जल’नं सुरू होणारी नावं सिंदिया या जहाज कंपनीची, ‘जग’ असेल तर ग्रेट ईस्टर्न शिपिंग, ‘विश्व’ असेल तर १९६१ साली स्थापन झालेली शिपिंग कॉर्पोरेशन. ‘जल’ निघालं तर सोलापूरकरांसाठी एक ओळ जरूर घाला: १९१९ मध्ये सिंदिया उभी करणाऱ्यांतले वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. बोटीचा फोटो शोधताना नावाबरोबर नंबरही जुळवा. जुनी बोट भंगारात गेली की तेच नाव नव्या बोटीला मिळू शकतं, आणि मग भलत्याच बोटीचा फोटो छापला जातो.

सीडीसीत सफरीची फक्त दोन टोकं असतात. मधली बंदरं पत्रांवरच्या पोस्टाच्या शिक्क्यांवरून भरा. पासपोर्टवर शिक्का नाही म्हणून काकांना खोटं पाडू नका. बोटीवरची माणसं बंदरात बहुतेक शोअर पासवर, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याच्या तात्पुरत्या परवान्यावर, उतरतात. पासपोर्टवर शिक्के उमटतात ते मुख्यतः विमानानं जाऊन बोट धरली किंवा सोडली तर.

नकाशावर रेघ मारताना साल बघा. जून १९६७ ते जून १९७५ सुएझ कालवा बंद होता. त्या काळात मुंबईहून लंडनला निघालेली बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली. एरवी सुमारे ६,२०० सागरी मैलांचा रस्ता, तो १०,७०० च्या घरात गेला. वेग १५ नॉट, म्हणजे ताशी १५ सागरी मैल धरला तर नुसता वाढीव फेरच बारा-साडेबारा दिवसांचा. ‘पत्र महिनाभर आलंच नाही’ या आजीच्या आठवणीला असा आधार सापडू शकतो. तारखा पक्क्या झाल्या की मग काकांची एकेक हकिकत त्या त्या बोटीखाली लिहा. जी कुठेच बसत नाही तिच्यापुढे सांगणाऱ्याचं नाव टाका आणि तशीच राहू द्या.

प्रश्न : त्यांच्या विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या, तर सगळ्यांनी ‘शिस्तप्रिय पण प्रेमळ’ एवढंच लिहून पाठवलं. – तेच वाचक

उत्तर : ‘सर कसे होते?’ असं विचारलं की हेच येणार. ‘अक्षांश-रेखांश शिकवताना फळ्यावर आधी काय काढायचे?’, ‘गणित चुकलं तर वहीवर काय खूण करायचे?’ असं विचारा. शाळेतल्या वर्षांसाठी सेवापुस्तकातल्या तारखा घ्या.

नातवंडांना गाठी शिकवल्या असतील तर एक तरी पुस्तिकेत दाखवा. बोलाईन ही खलाशांची गाठ घ्या: दोरीत छोटा फास करा, टोक त्यातून खालून वर काढा, मुख्य दोरीच्या मागून फिरवा, पुन्हा त्याच फासात वरून खाली घाला आणि आवळा. फास करताना टोकाकडची बाजू मुख्य दोरीच्या वर हवी. ती खाली गेली तर गाठ बसतच नाही, सुटून येते. फोटो बांधणाऱ्याच्या खांद्यावरून काढा. समोरून काढले तर वाचणाऱ्याला सगळं उलटं दिसतं.

प्रश्न : जुने कृष्णधवल फोटो एकमेकांना चिकटलेत. – एक वाचक, साखर पेठ

उत्तर : आहेत त्या स्थितीत आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मग सगळ्यात कमी महत्त्वाची जोडी घेऊन डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास बुडवा. नळाच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. नख लावू नका, ओला थर लगेच सोलतो. सुटत नसेल तर आणखी थांबा. हातानं रंगवलेले, मागे शाईचा शिक्का असलेले किंवा इंकजेटवर छापलेले फोटो पाण्यात घालूच नका. सुटलेले फोटो चित्र वर करून मऊ सुती धोतरावर पंख्याखाली वाळवा. आपल्याकडचे टर्किश टॉवेल कितीही चांगले असले तरी इथे नकोत, त्यांच्या फुलांचे ठसे ओल्या फोटोवर उमटतात. उन्हातही ठेवू नका, फोटो वळतो.

सीडीसी लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. झेरॉक्सच्या काचेवर ती दाबली की शिवण उसवते. अर्धवट उघडी ठेवून एकेका पानाचा वरून फोटो काढा.