एकटीने लंडनला निघालेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरातल्या शनिवारी पहाटे लीड्सहून निघून रविवारी रात्री परतायचे, असा तुझा लंडनचा बेत वाचला, आणि त्याखाली लिहिलेली एकवीस ठिकाणांची यादीही वाचली. बरोबर येणाऱ्या मैत्रिणीचे ऐन वेळी रद्द झाले, त्यामुळे तूही जाऊ नयेस असा तुझ्या आईचा आग्रह आहे आणि ‘बाई, आता तुम्हीच सांगा’ असे तू विचारले आहेस. तू जावेस, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती यादी खोलीवरच ठेवून जावेस. आईशी मी आजच बोलते.

यादीविषयी इतक्या ठामपणे लिहिते, कारण तशीच यादी घेऊन मी तिथे गेले होते. 1998 साली एका प्रशिक्षणासाठी तीन महिने इंग्लंडमध्ये असताना दोन दिवस एकटीला मोकळे मिळाले आणि मी तेरा ठिकाणे ‘केली’. आज डोळे मिटले की मला आठवतात ते भुयारी रेल्वेचे फलाट आणि सरकते जिने. शहर आठवत नाही. तिथल्या रेल्वेचा नकाशा मी शहराचा नकाशा समजून वापरला, ही माझी मूळ चूक होती. हॅरी बेक या आरेखकाने केलेला तो नकाशा 1933 साली लोकांच्या हाती आला. त्यात सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा तिरक्या आहेत, आणि कुठून कुठे जाण्यासाठी कुठे गाडी बदलायची हे तो उत्तम सांगतो, पण दोन स्थानकांत प्रत्यक्ष किती अंतर आहे हे सांगण्यासाठी तो काढलेलाच नाही. कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर या दोन स्थानकांत जेमतेम अडीचशे मीटरांचे अंतर आहे. त्यासाठी मी उद्वाहकाने खोल जमिनीत उतरले, गाडीची वाट पाहिली आणि वर येऊन पाहते तर मघाच्याच वस्तीत उभी होते. अशा फेऱ्यांत माझा अर्धा शनिवार गेला. म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते की शहराचा एक सलग पट्टा निवड आणि तो पायी चाल.

तुझी गाडी किंग्ज क्रॉसला थांबेल, तेव्हा शनिवारची वाट तिथूनच धर. आधी सामान मुक्कामाच्या जागी ठेव, कारण चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश देत नाहीत. मग यूस्टन रोडवरच्या ब्रिटिश लायब्ररीत शिर. तिथे मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, 1215 सालच्या प्रती जपलेल्या आहेत आणि त्या दालनाला शुल्क नाही. तिथून दक्षिणेला वळलीस की ब्लूम्सबरीतले चौक लागतात. त्यांपैकी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये मांडी घालून बसलेल्या गांधीजींचा पुतळा आहे. तिथल्या बाकावर थोडा वेळ बस. बरोबर कुणी नसल्याचा मोठा फायदा हा की किती वेळ बसायचे, हे कुणाला विचारावे लागत नाही.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेश विनामूल्य आहे, तरी शनिवारची गर्दी लक्षात घेऊन वेळेचे मोफत तिकीट आधी काढून ठेव. संग्रहात सुमारे ऐंशी लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्या त्यांतल्या एक टक्का, पण तेवढ्या पाहायलाही आठवडा पुरणार नाही. तू फक्त दोन दालने निवड. त्यांतले एक अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांचे असावे, अशी माझी इच्छा आहे. आंध्रातल्या त्या पांढरट दगडांवर माणसांची, हत्तींची आणि कमळांची एवढी दाटी आहे की एकेका शिळेपाशी दहा मिनिटे सहज जातात. आपल्याकडचे एवढे वैभव इथे काचेमागे का, हा प्रश्न तुझ्या मनात येईल. तो दडपू नकोस, त्याच्यासह पाहा. मग मधल्या छताखालच्या चौकात ये. तिथली गोल इमारत म्हणजे 1857 साली उघडलेला जुना वाचनकक्ष. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना याच ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसत. ती पुस्तके आता तू सकाळी पाहिलेल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, म्हणजे किंग्ज क्रॉसपासूनची तुझी चाल त्या ग्रंथांच्याच मागावरची असेल.

पुढची वाटही बाबासाहेबांचीच धर. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी पैसे साठवले, आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला 1923 साली डी.एस्सी. ही पदवी मिळाली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, आणि बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून. म्युझियम, ग्रेज इन आणि हॉटन स्ट्रीटवरचे ते विद्यालय ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. शनिवारी सगळीकडे आत सोडतीलच असे नाही, पण एका माणसाचा विद्यार्थिदशेतला दिवस केवढ्या टापूत मावत होता, हे पायांना कळते. तूही शिकण्यासाठीच घर सोडले आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुपारचे जेवण बरोबर ने. पोळीत भाजी गुंडाळून घेतलीस तर विद्यालयामागच्या लिंकन्स इन फील्ड्स या मोठ्या हिरव्या चौकात बसून खाता येईल. पाण्याची बाटली कुठेही भर, नळाचे पाणी पिण्याजोगे असते. गरम आणि आपल्या चवीचे काही हवे झाले तर यूस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय खाणावळी आहेत. स्वच्छतागृहांसाठी संग्रहालये आणि मोठी रेल्वे स्थानके लक्षात ठेव, तिथे पैसे पडत नाहीत.

आता संध्याकाळविषयी सांगते, कारण एकटीची खरी कसोटी तेव्हा लागते. नोव्हेंबरात तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर उत्साहाने फिरलेल्या मुलीला दिवे लागताना अचानक घर आठवते आणि सभोवतीचे लोक आपापल्या माणसांसोबत उपाहारगृहांत शिरताना दिसतात. मी त्या वेळी मुक्कामी परतून पलंगावर बसून राहिले होते आणि तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. तू दिवेलागणीला वॉटर्लू ब्रिजवर उभी राहा. थेम्स नदीला तिथे वळण आहे, त्यामुळे एका बाजूला संसदेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला सेंट पॉल्स या मोठ्या चर्चचा घुमट, असे दोन्ही एकाच पुलावरून दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा पूल उभा राहिला आणि त्यावर राबणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. नंतर दक्षिण काठाने पूर्वेला चालत जा. ती वाट प्रकाशाची आणि वर्दळीची आहे. पायी जायच्या मिलेनियम ब्रिजवरून नदी ओलांडलीस की समोर सेंट पॉल्स येते. त्या चर्चमध्ये पाहुणे म्हणून फिरायला भरपूर तिकीट पडते, पण सायंप्रार्थनेला कुणीही मुक्तपणे बसू शकते. ती बहुधा पाच वाजता असते; त्या दिवशीची वेळ आधी पाहून घे. धर्म कोणता, हे कुणी विचारत नाही. त्या घुमटाखाली पाऊण तास गायकवृंद ऐकत बसलेल्या शेकडो माणसांत एकटे असणे कुणाला खुपत नाही. तिथून बाहेर पडून आईला फोन कर आणि लवकर मुक्कामी जा.

मुक्काम स्थानकापासून पाच-सात मिनिटांवर आणि रहदारीच्या रस्त्यावर असू दे. वसतिगृहात राहणार असशील तर फक्त मुलींची खोली माग. बस आणि भुयारी रेल्वे या दोन्हींत बँकेचे कार्ड टेकवून जाता येते. रेल्वेत चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा तेच कार्ड टेकव, म्हणजे दिवसाची कमाल मर्यादा गाठल्यावर जादा पैसे कापले जात नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचे. बसमध्ये रोख पैसे मुळीच चालत नाहीत, म्हणून दुसरे कार्ड वेगळ्या खिशात असू दे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभी राहा.

फोनबाबत मात्र सावध राहा. दुचाकीवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार मध्य लंडनमध्ये पुष्कळ होतात. पदपथाच्या कडेला उभी राहून नकाशा पाहू नकोस. दुकानाच्या दारात किंवा भिंतीशी जा, रस्ता पाहा, फोन आत ठेव आणि मग चाल. मुक्कामाचा पत्ता, आईचा क्रमांक आणि परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून ठेव. संकटात 999 हा क्रमांक लाव. एखाद्या रस्त्याविषयी मनात किंतु आला तर कारण शोधत बसू नकोस, मागे फीर.

रविवारी सकाळी चॉक फार्म स्थानकावर उतर. तिथून थोड्या अंतरावर 10, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ते विकत घेतले आणि आता ते स्मारक म्हणून पाहता येते. उघडण्याची वेळ आधी तपासून जा. हा भाग राहत्या घरांचा आहे, तेव्हा दारात मोठ्याने बोलणे किंवा रेंगाळणे टाळ. मी 1998 साली गेले तेव्हा या घराविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या बाईला ते ठाऊक असायला हवे होते, याची खंत मला वाटते. तू जाणार आहेस म्हणून मला मनापासून आनंद आहे.

त्या घरापासून प्रिमरोझ हिल ही टेकडी चालत दहा मिनिटांवर आहे. उंची पासष्ट मीटरांच्या आतच, पण माथ्यावरून सगळे शहर समोर पसरलेले दिसते. आदल्या दिवशीचा सेंट पॉल्सचा घुमट शोध आणि तू कुठून कुठवर चाललीस, हे नजरेने जुळवून पाहा. नंतर टेकडीच्या पायथ्याजवळून जाणाऱ्या रीजंट्स कॅनॉलच्या काठावर उतर. 1820 साली पुरा झालेल्या या कालव्याच्या कडेने पूर्वी घोडे नावा ओढत चालत. त्याच वाटेने कॅम्डेनची जलकपाटे ओलांडून तासाभरात तू किंग्ज क्रॉसच्या मागे पोहोचशील. ही वाट दिवसाउजेडीच चालायची आहे, म्हणून दोनच्या आत निघ. कालवा संपवून वर आलीस की विटांची जुनी धान्यकोठारे आणि कोळशाच्या वखारी दिसतील. तुझ्या यॉर्कशायरमधला कोळसा रेल्वेने इथवर येई आणि लंडनच्या चुली त्यावर पेटत. आता त्या जागी दुकाने आणि कला महाविद्यालय आहे.

परतीचे तिकीट सवलतीत आधी काढशील, तर ते त्याच गाडीसाठी चालते, हे विसरू नकोस. सव्वीस वर्षांखालच्यांचे रेलकार्ड असेल तर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. रविवारी रुळांची कामे निघतात आणि गाड्या वळवतात, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक पुन्हा पाहा.

टेकडीवरून घुमट दिसला की नाही, ते मला कळव. नोव्हेंबरात तिथे धुकेही पडते.

तुझी,
बाई